सही बरोबर आहे

१

आमच्या घरात एकाही दाराला आतून कडी नाही. गंजून पडली, तुटली असं नाही, ठेवलीच नाही. भूकंपानंतर नवं सास्तूर वसलं तेव्हा मिळालेल्या या दोन खोल्यांना कड्या होत्या. आई लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं पाना घेऊन सगळ्या उतरवल्या. नटबोल्टाच्या होत्या, त्यामुळं दारांना अजून आरपार भोकं आहेत. माझ्या खोलीचं मागचं दार पश्चिमेला आहे. दुपार कलली की त्या भोकांतनं उजेडाचे चार ठिपके येतात आणि माझ्या टेबलावर पडतात. लहानपणी मी त्यांच्यावर बोटं ठेवून खेळायचे.

आई बाराही महिने अंगणात पत्र्याखाली झोपते. स्लॅबखाली तिचा डोळा लागत नाही. वडील ट्रकवर असतात, त्यामुळं घरात बहुतेक आम्ही दोघीच. मी खोलीत बराच वेळ असले की ती पुढच्या दाराशी येते. दार ढकलत नाही. बाहेरूनच विचारते.

"अयोध्ये, हायस का?"

"हाय मी."

"काय करतीस?"

"काम."

"बरं."

मग तिच्या चपला पत्र्याकडं फटफटत जातात. न्हाणीत असले तरी विचारते. साबण तोंडात जातो, पण उत्तर द्यावंच लागतं. उमरग्याला कॉलेजात होते तेव्हा फोनवर हेच. मैत्रिणी हसायच्या, मला लाज वाटायची. पण खरं सांगायचं तर त्या 'बरं'वाचून मलाही करमत नाही. मी भित्री आहे. शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातली वाटी खाली पडते.

मघाशीच ती येऊन विचारून गेली.

हे मी सही न करता लिहितेय. त्यावर कितपत विश्वास ठेवायचा ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

२

बी.सी.ए. झाल्यावर मी धाराशिवच्या एका संस्थेचं काम घरून करू लागले. घर सोडून आलेल्या बायकांना ही संस्था खोली बघून देते, वकील देते. वैष्णवीताई ती चालवतात. गेल्या वर्षी अशाच एका बाईचा पत्ता फोनवरून गेला. कुणीतरी रडत म्हणालं, मी तिची बहीण बोलतेय, आणि ऑफिसातल्या कुणीतरी कळवळून पत्ता सांगितला. संध्याकाळच्या आत त्या बाईला केसाला धरून परत नेलं.

"पुन्हा असं व्हायला नको," ताई म्हणाल्या. "तू शिकलीस ना यातलं? कर काहीतरी."

माझा लॅपटॉप म्हातारा. साधं मेलचं पान उघडायला त्याला घाम फुटायचा. म्हणून मी काळ्या पडद्याचा मेल घेतला. त्यात चित्रं नाहीत, माऊस नाही, नुसती अक्षरं. एक बटण दाबलं की पत्र उघडतं, दुसरं दाबलं की बंद. त्या प्रोग्रॅमचं नाव मट.

त्याला कुलपं बसवायला मला कितीतरी दिवस लागले. प्रत्येकाची किल्ल्यांची जोडी असते. एक किल्ली जगाला वाटायची. तिनं कुलूप लागतं, निघत नाही. दुसरी आपल्यापाशी ठेवायची. तिनं कुलूप निघतं, आणि पत्राखाली सहीही तिचीच होते. ही सही हाताची नसते, गणिताची असते. पत्रातला एक स्वल्पविराम हलला तरी ती मोडते. शिवाय ती किल्ली वापरायची तर परवलीचं वाक्य लागतं. पडद्यावर एक चौकट उघडते, त्यात किल्लीच्या मालकाचं नाव असतं, आणि टाइप करू तसतशा चांदण्या उमटत जातात. वाक्य कुणालाच दिसत नाही.

सेटिंगच्या फाइलमध्ये मी एकेक ओळ लिहीत गेले. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र कुलपात. प्रत्येकाखाली सही. एकदा टाइप केलेली परवली मशीन थोडा वेळ लक्षात ठेवतं. मी तो वेळ शून्य केला. लक्षातच ठेवायचं नाही, दर वेळी विचारायचं. सही तपासून झाली की मट इंग्रजीत सांगायचा, ते मी ताईंसाठी मराठी करून घेतलं: सही बरोबर आहे.

"आता फोनवर कुणी काही सांगितलं तरी धरायचं नाही," मी ताईंना म्हणाले. "सही असेल तेच खरं."

"तू फोन केलास तरी?"

"मी केला तरी."

ताई हसल्या. मला फार अभिमान वाटला होता. जन्मात पहिल्यांदा माझ्या हातानं मी कुठंतरी आतून कडी बसवली होती.

३

मग शिवांजली आली. उमरग्याला आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. लग्न करून ती कळंबला गेली. नवऱ्याचं मोबाइलचं दुकान. तिचा प्रत्येक फोन तो रात्री उघडून बघायचा, आणि बघून झाल्यावर काय करायचा ते तिच्या दंडावर दिसायचं. ती निघून आली तेव्हा तिच्याकडं फोन नव्हता, आणि तिला तो नकोच होता.

संस्थेनं तिला नळदुर्गात खोली दिली, हायवेपासून आत, रजियाबींच्या पिठाच्या गिरणीवर. कोर्टात जबाब होईपर्यंत तिनं बाहेर पडायचं नव्हतं. संस्थेचा एक लॅपटॉप आणि डोंगल घेऊन मी एसटीनं तिच्याकडं गेले. खाली गिरणी घरघरत होती. वर सगळ्यावर पिठाचा पातळ थर. पुसलं की तासाभरात पुन्हा.

"मट?" शिवांजली म्हणाली. "मटकीतला मट का गं?"

"गप बस. परवलीचं वाक्य टाक. मला सांगू नको."

"तुला सांगून काय करायचंय. तू दचकून सगळ्या गावाला सांगशील." तिनं पडद्याकडं तोंड करून, ओठ हलवत काहीतरी लांबलचक टाइप केलं. चांदण्यांची रांग चौकटीच्या बाहेर जाईल इतकं. "नवऱ्याला साता जन्मात सुचणार नाही असलं टाकलंय."

मग आम्ही एकमेकींच्या किल्लीचे आकडे मोठ्यानं वाचून जुळवले. तसं समोरासमोर करावं लागतं, म्हणजे ती किल्ली त्याच माणसाची आहे याची खात्री पटते. आकडे वाचता वाचता तिला हसू फुटलं. "लग्नात मंगलाष्टकं पण एवढी लांब नव्हती."

ठरलं असं: रोज दिवस मावळायच्या आत तिनं मला एक पत्र पाठवायचं, सही करून. एवढंच. आलं नाही, किंवा सही मोडलेली आली, की ताई लगेच पोलीस घेऊन नळदुर्गला निघणार.

"लिहू काय पण रोज?" ती म्हणाली. मग तिचं तिलाच सुचलं. आईचे फोन तिनं वर्षभर ऐकले होते. आईचा आवाज काढून म्हणाली, "अयोध्ये, हायस का?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "हाय मी. हेच लिहिते. चालंल?"

"चालंल."

निघताना रजियाबी जिन्यात भेटल्या. "फिकर नक्को कर पोरी. डब्बा मी वर ठेवते. कडी लई मजबूत हाय तिच्या दाराला."

ती कडी बघून मला कसंतरी झालं. चांगली बोटाएवढी जाड. आतून लावली की बाहेरच्यानं काय करायचं? परवली ती विसरली, लॅपटॉप बिघडला, तर? आमच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सोसत नाही. आत जो आहे त्याच्यापर्यंत बाहेरून पोचता आलं पाहिजे. म्हणून ती चहा टाकायला उठली तेव्हा मी तिच्या आतल्या किल्लीची एक नक्कल पेनड्राइव्हवर घेतली, आणि घरी येऊन माझ्या मशीनमध्ये ठेवली. असं करायचं नसतं, हे मला शिकवलेलं होतं. पण परवली तर तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. नुसत्या किल्लीनं काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं.

४

पत्रं येऊ लागली. काळ्या पडद्यावर एक नवी ओळ सरकायची, मी उघडायची. हाय मी. सही बरोबर आहे. मी ताईंना कळवायची, आणि मग जेवायला बसायची. कधी ती पुढं एखादं वाक्य जोडायची. 'रजियाबींचा दालचा म्हणजे जन्नत.' 'गिरणीवाला गाणी म्हणतो, भयंकर.' 'तुझ्या आईला सांग, माझ्याकडं कडी आहे, जळ म्हणावं.'

मग रजियाबी लेकीच्या बाळंतपणाला सोलापूरला गेल्या. डबा गिरणीवर कामाला असलेला माणूस जिन्यात ठेवत होता. तो वर जात नसे. शिवांजलीनं लिहिलं, 'आता मी आणि पीठ.' त्यानंतरच्या पत्रांत जोडलेलं वाक्य नसायचं. नुसतं हाय मी. मला वाटलं, कंटाळली असेल.

एवढंच वेगळं होतं. आणि आणखी एक, जे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. आधी तिचं पत्र कधीही यायचं. आता ते आई दाराशी आली की यायचं. ती विचारायची, हायस का. मी म्हणायची, हाय मी. तिची पाठ वळायची, चपला वाजायच्या, आणि मागं वळून बघावं तर पडद्यावर नवी ओळ.

योगायोग. आईची वेळ ठरलेली, शिवांजलीचीही ठरलेली असणार.

५

एका दुपारी लाइट गेली. थोड्या वेळानं मोबाइलचा टॉवरही बसला. आमच्याकडं असं होतं. लॅपटॉप बॅटरीवर होता. उन्हानं बाहेरचे पत्रे तापून टण् टण् वाजत होते, आणि प्रत्येक टण्ला माझा जीव खालीवर होत होता. पत्र यायचं होतं आणि नेट नव्हतं. ताईंना कळवावं तर फोनही नाही.

"अयोध्ये, हायस का?"

"हाय मी."

"काय करतीस?"

"काम."

"बरं."

मी वळले. नवी ओळ आलेली होती.

उघडलं. हाय मी. सही बरोबर आहे.

मी मोबाइल बघितला. नेटवर्क नाही. डोंगलचा दिवा लाल. मग मी शहाण्यासारखा विचार केला: पत्र आधीच उतरलं असेल, मशीन मंद आहे, ओळ आत्ता दाखवली असेल. माझा मलाच तो विचार पटला. तरी मी उठून अंगणात गेले. आई तांदूळ निवडत होती.

"आई, तू सारखं विचारतेस ते कशाला गं?"

"काय?"

"हायस का म्हणून."

ती सूप हलवत राहिली. आई भूकंपात आठ-नऊ वर्षांची होती. ढिगाऱ्याखालून तिला काढलं. एवढंच आम्हाला माहीत. ती बोलत नाही, आम्ही विचारत नाही.

"वरून लोक इचारत होते," ती म्हणाली. "आत कोन हाय का, कोन हाय का. जितनं आवाज यील तितं खंदायचे. म्या वरडत व्हते. माझ्या शेजारनं बी कोन तरी वरडत व्हतं, हाय मी, हाय मी. लोक तिकडंच खंदत बसले." सूप थांबलं. "तितं कोनच निगालं न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी आतनं हाय म्हनलं म्हंजी मानूसच आसतंय आसं न्हाय." ती पुन्हा तांदूळ पाखडू लागली. "म्हनून म्या दुसऱ्यांदा इचारते. काय करतीस म्हनून. मानसाला काय तरी काम आसतंय."

६

लाइट आल्यावर मी पत्राचा माथा उघडला. पत्र जिथनं जिथनं येतं तिथले शिक्के त्याच्यावर पडत जातात. शिवांजलीच्या सुरुवातीच्या पत्रांवर चार-पाच शिक्के होते. त्या दुपारच्या पत्रावर एकच होता, माझ्या मशीनचा. मशीनला मी 'सास्तूर' नाव दिलेलं आहे. पत्र सास्तूरहून निघालं होतं आणि सास्तूरला पोचलं होतं.

मागची पत्रं बघितली. दालच्याचं पत्र: पाच शिक्के. आता मी आणि पीठ: पाच शिक्के. त्याच्यापुढची सगळी: एक.

मी पायातल्या चपलांवर तशीच स्टँडवर गेले. ताईंना फोन लावला नाही. फोन धरायचा नाही हा नियम माझाच होता, आणि लिहायला बसायचं तर त्या खोलीत बसायला हवं होतं.

७

रजियाबी त्याच दिवशी सोलापूरहून परतल्या होत्या. हातात पेढ्यांचा पुडा होता. "लडका झाला," त्या म्हणाल्या, आणि माझं तोंड बघून माझ्याआधीच जिन्याकडं वळल्या.

जिन्यात डबे होते. एकावर एक रचलेले, न उघडलेले. गिरणीवाला म्हणाला, "मी उचलून बघितलेच न्हाईत, मला वाटलं बाईनं खाऊन रिकामेच हितं रचलेत."

वरचं दार लोटलेलं होतं. ती बोटाएवढी जाड कडी एका स्क्रूवर लोंबत होती. चौकटीचं लाकूड फाटलेलं. आत सगळ्यावर पीठ बसलेलं. भांड्यांवर, चादरीवर, खिडकीच्या जाळीवर. जमिनीवर पलंगापासून दारापर्यंत काहीतरी ओढत नेल्याचा पट्टा होता, आणि त्या पट्ट्यावरही पीठ बसलेलं होतं.

लॅपटॉप टेबलावर मिटलेला होता. त्याच्यावर पिठाचा असा थर होता की बोटानं नाव लिहिता आलं असतं. कुणाचं बोट त्याला लागलेलं नव्हतं. कितीतरी दिवस.

"या अल्ला," रजियाबी म्हणाल्या. "आणि तू तर सांगत होतीस, रोज चिठ्ठी येते."

दुपारीच आली होती.

८

रजियाबींनी कळवल्यावर ताई आल्या, पोलीस आले. साहेबांनी खोली बघितली, कडी हलवून बघितली, खुर्चीवरचं पीठ झटकून बसले.

"रोज मेल येतो म्हणता?"

"हो."

"आजही आला? सही करून?"

"हो, पण..."

"ही सही दुसऱ्या कुणाला जमते का?"

मी ताईंकडं बघितलं. ताई माझ्याकडं. "नाही," ताई म्हणाल्या. त्यांना मीच तसं शिकवलं होतं.

"मग मॅडम, बाई सज्ञान हाय, हयात हाय, रोज खुशाली कळवती. तुमच्याच पद्धतीनं. कडी जुनी आसंल. मशीन दुसरं घेतलं आसंल. नवरा तर कळंबला दुकानात बसलेला हाय, आमी फोन करून बघितलं. हरवली कोन?"

नक्कल माझ्याकडं आहे हे मी तिथं बोलायला हवं होतं. पण साहेबांनी पुढं काय विचारलं असतं ते मला ऐकू येत होतं: मग बाई, ही पत्रं तुम्हीच पाठवता की काय? पत्रांवरचा एकुलता शिक्काही माझ्याच मशीनचा होता. आणि परवली? ती मला ठाऊक नाही, हे मी कसं दाखवणार होते? ती पत्रं खोटी ठरवायची तर माझ्याकडं साधनच नव्हतं. मी जे बांधलं होतं ते बिनतोड होतं.

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "उद्या पत्र आलं नाही तर मी त्यांना हलवते. वर जाईन, पार वर. फक्त एक दिवस येऊ नये." शिवांजलीचं पत्र येऊ नये, अशी आशा आम्ही करत होतो.

९

दुसऱ्या दिवशी मी डोंगल काढून अंगणात आईच्या हातात दिलं. मोबाइल बंद केला. खोलीत बसून पडद्याकडं बघत राहिले. हात मांडीखाली घेतले होते.

ऊन मागच्या दारावर आलं. चार ठिपके टेबलावर पडले. पत्रे वाजू लागले.

"अयोध्ये, हायस का?"

"हाय मी," मी म्हणाले. पडद्यावर चौकट उघडली.

चौकटीत नाव होतं: शिवांजली. चांदण्या उमटू लागल्या. एकेक, सावकाश. मध्येच थांबायच्या, ओठ हलवत आठवावं तशा, आणि पुन्हा. लांबलचक रांग. चौकटीच्या बाहेर जाईल इतकी. कीबोर्डावरचं एकही बटण हललं नाही. मी बटणांकडंच बघत होते.

चौकट मिटली. नवी ओळ. हाय मी. सही बरोबर आहे.

"काय करतीस?" आई बाहेरून विचारत होती. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा कसंबसं काम म्हणाले.

कुणीतरी माझं मशीन लांबून चालवतंय. पण नेट नव्हतं. मशीनमध्ये विषाणू शिरलाय. पण विषाणूला तिची परवली कुठून ठाऊक? ती ठाऊक असणारं माणूस जगात एकच. मग ती शिवांजलीच म्हणायची. गणित तेच सांगत होतं. शिवांजली इथं आहे, या खोलीत, आणि ती हाय म्हणतेय.

आणि ती हाय म्हणतेय म्हणून तिला कुणी शोधत नाहीये.

मी नक्कल पुसून टाकली. पेनड्राइव्ह अंगणात नेऊन वरवंट्यानं ठेचला. आई बघत होती.

१०

आज मी डोंगल परत लावलं आणि ताईंना सगळं लिहिलं. नक्कल, शिक्के, चौकट, सगळं. माझ्यावर काय यायचं ते येऊ दे म्हटलं. 'ही पत्रं तिची नाहीत. तिला शोधा. कळंबच्या दुकानापासून सुरू करा.' पाठवायचं बटण दाबलं. सहीसाठी चौकट उघडली. माझं नाव.

मी बोटं उचलली आणि ती हवेतच राहिली. चांदण्या आपोआप भरत होत्या. माझी परवली चौदा अक्षरांची आहे. चौदा झाल्या आणि चौकट मिटली.

गेलेलं पत्र मी उघडून बघितलं. त्यात दोनच ओळी होत्या. 'ताई, शिवांजली बरी आहे. आज समोरासमोर भेटले. तिला कुणी शोधू नये असं तिचं म्हणणं आहे.' खाली माझी सही. बरोबर होती.

पाणी प्यायला उठण्याइतक्या वेळात ताईंचं उत्तर आलं. 'जीव भांड्यात पडला बाई. पोलिसांना कळवलं. फाइल बंद करतेय.'

मी फोन लावला. मला बोलताच येत नव्हतं, नुसती धाप लागली होती. "ताई, ते मी नाही लिहिलं. ऐका. ते मी नाही."

"कोण बोलतंय?"

"अयोध्या. ताई, मी अयोध्या."

ताई फार शांतपणे बोलल्या. अनोळखी माणसाशी बोलतात तशा. "अयोध्या असशील तर सही करून मेल कर. आमचा तसा नियम आहे." आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तो उचलला नाही.

मग धाराशिवला जायचं, असं मी ठरवलं. समोर उभी राहीन, आकडे मोठ्यानं वाचून दाखवीन. पर्स घेतली आणि दार ओढलं.

दार निघालं नाही.

फुगलं असेल म्हटलं. दोन्ही हातांनी ओढलं. ज्या दाराला माझ्या जन्मात कधी कडी नव्हती ते कडी लावल्यासारखं घट्ट होतं. हलतसुद्धा नव्हतं. पत्र्यांचा आवाज थांबला होता. गिरणी बंद पडल्यावर होते तशी शांतता.

बाहेर चपला वाजल्या. आई. दाराच्या पलीकडं, हातभर अंतरावर येऊन उभी राहिली.

"अयोध्ये, हायस का?"

मी तोंड उघडलं. घशात काहीतरी कोरडं, बारीक भरलेलं होतं. आवाज फुटला नाही. मी दारावर हात आपटला, तो उशीवर आपटावा तसा आपटला. मागं वळले, मागच्या दाराकडं जावं म्हणून.

उजेडाचे चार ठिपके टेबलावर नव्हते. टेबलाच्या अलीकडं, माझ्या खांद्याच्या उंचीवर, कशावर तरी पडले होते. ते पांढरं होतं, पिठाचा थर बसल्यासारखं. ठिपके किंचित वरखाली होत होते, श्वास घेतल्यासारखे.

"हाय मी," ते म्हणालं. माझ्या आवाजात.

आई थांबली. मला तिचं थांबणं कळत होतं. तिनं दुसऱ्यांदा विचारलं, ती नेहमी विचारते तसं.

"काय करतीस?"

"काम."

"बरं," आई म्हणाली, आणि तिच्या चपला पत्र्याकडं फटफटत गेल्या.